पयले तू काढ, मंग मी

शेलूबाजारला हायवेच्या कडेला, चहाच्या टपरीला लागून पत्र्याचं एक शेड होतं आणि शेडमध्ये एक खाट. त्या खाटेवर बसणाऱ्या माणसाचा धंदा असा, की ट्रकच्या केबिनमध्ये, डॅशबोर्डच्या आतून कुठूनतरी जे बारीकसारीक आवाज येत राहतात, ते शोधायचे आणि बंद करायचे. बाकी काही नाही. इंजिन नाही, ब्रेक नाही, पाटे नाहीत. फक्त आवाज. सगळे ड्रायव्हर त्यांना चाचा म्हणत. मीही म्हणायचो. माझी तेव्हा एक गाडी होती आणि ती मीच चालवायचो. कारंजा लाडच्या बाजारातून सोयाबीन, तूर, कापसाच्या गाठी, जे मिळेल ते भरायचं आणि निघायचं. शेलूबाजारला चहाला थांबणं ठरलेलं.

कोणी गाडी लावून खाली उतरला आणि म्हणाला, "चाचा, गाडीत आवाज येते," की चाचा मान वर न करता एकच वाक्य बोलत.

"पयले तू काढ, मंग मी काढतो."

नवा माणूस इथे अडकायचा. अर्थ सरळ होता. आधी तो आवाज तू तोंडाने काढून दाखव, मग मी तो गाडीतून काढतो. आपल्याकडे दोन्ही कामांना काढणंच म्हणतात, त्यामुळे चाचांना यात काही विचित्र वाटत नसे. विचित्र वाटायचं ते काढणाऱ्याला. चांगले मिशीवाले, गळ्यात साखळी घातलेले ड्रायव्हर हायवेच्या कडेला उभे राहून "कुई... कुई..." करत, आणि टपरीवरचे लोक चहाचे ग्लास खाली ठेवून ऐकत.

कारंजाचे एक व्यापारी एकदा स्वतःच आले. पांढरे कडक कपडे, कपाळाला गंध. गाडी नवी होती, आणि ड्रायव्हरला आवाज नीट सांगता येईना म्हणून त्याच्या शेजारी बसून आले होते.

"गाडीत आवाज येतो म्हटलं ना तुम्हाला," शेठ म्हणाले.

"येते न. मंग काढा."

"मी कसा काढू? मी काय बकरी आहे?"

"बकरी असती तं आतापर्यंत काढला असता, शेठ."

लोक हसले. शेठनी इकडेतिकडे पाहिलं, घसा साफ केला आणि हळूच "गिर्र... गिर्र... गुट्" असं केलं. चाचांनी डोळे मिटून ऐकलं.

"गुट् पयले येते का गिर्र?"

"गिर्र."

"नक्की?"

शेठ विचारात पडले. "कधी कधी गुट् आधी येतो."

"मंग जा अन् ऐकून या. अर्धा आवाज मी घेत नाई."

शेठ खरोखर परत गेले. दुसऱ्या दिवशी आले आणि अजिबात न लाजता, हातवारे करून, पूर्ण आवाज काढला. घरी सराव केला असावा. चाचांनी तो ऐकला, खाटेवरून उठले आणि संध्याकाळच्या आत गाडी गप्प केली.

चाचांचं म्हणणं असं होतं, की ज्याला आवाज काढता येत नाही, त्याने तो ऐकलेलाच नाही. "त्याले फकत तरास होऊन राह्यला. तरासाले माह्यापाशी इलाज नाई."

ते मुळात केबिनच्या गाद्या शिवणारे. सीट, रेक्झिन, छताचं अस्तर. तासन् तास केबिनमध्ये बसून हातशिलाई करायची, त्यात कान लागला. हळूहळू शिलाई सुटली आणि आवाज उरले. हत्यारं म्हणाल तर काही नव्हतीच. एक स्क्रू-ड्रायव्हर, जुन्या सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या, मेणाचा गोळा आणि नमद्याचे तुकडे. जाड लोकरी कापड असतं ना, खोगिराखाली घालतात ते. दोन वस्तू एकमेकींना घासत असल्या की मधे नमदा. आदळत असल्या की ट्यूब. नुसत्याच कुरकुरत असल्या की मेण.

इंजिनचा आवाज घेऊन कोणी आला तर ते चिडायचे. "इंजिनचा आवाज म्हंजे गाडीचं बोलनं. ते मिस्तरीनं ऐकावं. मी कुजबुज ऐकतो. बोलन्यानं मानूस हैरान होत नाई, कुजबुजीनं होते."

काम सुरू करायच्या आधी ड्रायव्हरने खिसे रिकामे करायचे. किल्ल्या, चिल्लर, कडं, साखळी, सगळं बाहेर. मग डॅशबोर्डवरचे देव. त्यांना चाचा हात लावत नसत. खाटेवर धुतलेला पंचा अंथरत आणि ड्रायव्हरला म्हणत, "तू उतरव. ज्या तोंडानं बसले हायेत त्याच तोंडानं बसव. परत चढवताना घोळ नोको." एका गाडीत देवाच्या गळ्यातली पितळी घंटीच वाजत होती. चाचांनी ती शोधली, ड्रायव्हरला दाखवली आणि काहीही न करता खाली उतरले. "हा आवाज नाई. हे घंटी आहे," म्हणाले. पैसेही घेतले नाहीत.

मग गाडी रस्त्यावर. चाचा क्लीनरच्या जागेवर, अनवाणी, तळवे पत्र्याला टेकवून, डोळे मिटून, तोंड किंचित उघडं ठेवून बसत. तोंड उघडं ठेवलं की कान मोठा होतो म्हणे. सकाळी दात घासलेली कडुनिंबाची काडी खिशातच असायची. तिचं एक टोक दातांत धरायचं आणि दुसरं डॅशबोर्डला टेकवायचं. काडीतून आवाज दातात येतो, दातातून डोक्यात, मधे हवा नाही, असं त्यांचं शास्त्र. काडी इंच इंच सरकवत जायचे. समोरून येणाऱ्या गाडीतले लोक पाहायचे. टपरीवाला म्हणायचा, "चाचा डॅशबोर्डले दातन करून राह्यले."

रस्तेही ठरलेले. किरकिर ऐकायची तर गुळगुळीत हायवे, खडखड ऐकायची तर गिट्टीचा रस्ता. आणि आतल्या खोल आवाजासाठी मंगरुळपीरच्या रस्त्यावरचा एक खड्डा. त्या खड्ड्यावर चाचांचा फार जीव. तो खड्डा एका चाकाला असा काही उचलायचा, की डॅशबोर्डच्या पोटात जे असेल ते बोलायचंच. एके दिवशी रस्त्यावाले डांबराची गाडी घेऊन आले, तेव्हा मी तिथूनच चाललो होतो. चाचा मुकादमासमोर हात जोडून उभे होते.

"थोडासा राहू द्या बापा. किनाऱ्याचा तरी."

मुकादम डोक्याला हात लावून म्हणाला, "चाचा, लोकं खड्डा बुजवा म्हनून अर्ज करतात, अन् तुमी वाचवा म्हनून राह्यले!"

खड्डा बुजला. चाचांनी त्या दिवशी शेड उघडलं नाही.

डॅशबोर्डच्या आत काय काय सापडायचं! सुपारी, शर्टाचं बटण, पेनचं टोपण, तुरीचे दाणे. एकदा एका गाडीत बाईच्या पायातलं जोडवं निघालं. चाचांनी ते सगळ्यांसमोर हातावर ठेवून दाखवलं, आणि त्या ड्रायव्हरची बायको तिथेच टपरीच्या बाकड्यावर बसली होती. तिच्या दोन्ही पायांतली जोडवी जागच्या जागी होती. पुढे काय झालं ते मी पाहायला थांबलो नाही. त्यानंतर मात्र चाचा जे सापडेल ते मूठ मिटूनच मालकाच्या हातात देत. "आवाज निघाला. काय निघालं ते घरी जाऊन पाय."

त्यांच्या घरी मी एकदाच गेलो होतो, काही सामान पोचवायला. घर भलतंच शांत. मग लक्षात आलं, पातेल्यांच्या झाकणांना, कपाटाच्या दारांना, पाटाच्या पायांना, सगळीकडे नमद्याचे तुकडे लावलेले. त्यांच्या बायकोला आम्ही चाची म्हणायचो. त्या मला म्हणाल्या, "घरात भांडं वाजलं का नमदा घेऊन धावते हा मानूस. माह्या तोंडाले लावाचाच राह्यला."

चाचा आतून म्हणाले, "तिथं टिकत नाई तो."

आता माझ्याबद्दल सांगतो. आधीच सांगायला हवं होतं.

चाचांना माणसांची नावं लक्षात राहत नसत. गाडीचा नंबरही नाही. ते ड्रायव्हरला त्याच्या आवाजावरून ओळखत. "खुळखुळ आलता काय?" "कुई कुठी असते आजकाल?" असं चालायचं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्या गाडीत "चिर्र" असा आवाज यायचा. तो मी सगळ्यांसमोर काढून दाखवला. शोधता शोधता हवेच्या जाळीतून कडुनिंबाचं एक वाळलेलं पान निघालं. एवढंच. पण त्या दिवसापासून मी चिर्र झालो. चिर्रभौ. टपरीवर, बाजारात, वजनकाट्यावर. गाडी वळली की लांबूनच कोणीतरी ओरडायचं, "चिर्र आला रे!"

मी कमी बोलणारा माणूस आहे. घरात, बाहेर, कुठेच माझा आवाज निघत नाही, असं माझी आईसुद्धा म्हणायची. अशा माणसाला लोकांनी आवाजाचंच नाव द्यावं, हे मला लागलं. तरी मी काही बोललो नाही. मग एका लग्नात, मांडवात, बायकोच्या माहेरच्या सगळ्या बायकांसमोर माझ्या साल्याने मला चिर्रभाऊजी म्हणून हाक मारली. तो कारंजाच्या बाजारात हमालांचा हिशेब पाहायचा, तिथून त्याने ते उचललं होतं. बायका हसल्या. माझी बायकोही हसली. मी जेवून निघालो आणि गाडीत बसल्यावर माझा सगळा राग त्या साल्यावर न जाता चाचांवर गेला. असं का झालं, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. जो पहिल्यांदा नाव ठेवतो त्याच्यावरच राग जात असावा.

परतीच्या वाटेवर, रिकामी गाडी चालवत, मी एक आवाज तयार केला. दोनदा जिभेने टक् करायचं, थोडं थांबायचं, आणि मग जीभ टाळूला लावून टुर्र. टक्-टक्... टुर्र. गाडीत असा आवाज नव्हता. कधीच नव्हता.

शेलूबाजारला उतरलो. "चाचा, गाडीत आवाज येते."

"पयले तू काढ."

मी काढला. चाचांनी डोळे मिटले. "आखीन एकदा." मी परत काढला. मग त्यांनी तो स्वतः काढून पाहिला, आणि त्यांच्या तोंडात तो माझ्यापेक्षा खरा वाटला. क्षणभर मलाच वाटलं, की खरंच कुठेतरी आत काहीतरी सुटलंय.

"कधी येते?"

"नेम नाही. कधी येते, कधी नाही."

"हे वाईट," चाचा म्हणाले, पण त्यांचा चेहरा खुलला होता. असा आवाज त्यांच्याकडे आधी आला नव्हता.

माझा विचार एवढाच होता, की त्यांना दिवसभर शोधू द्यायचं आणि संध्याकाळी टपरीवर सगळ्यांसमोर सांगायचं, की चाचा, नव्हताच. मग लोक त्यांना हसतील. एक दिवस हसतील, झालं.

देव पंच्यावर उतरले. डॅशबोर्डचा वरचा भाग निघाला, खालचा कप्पा निघाला. आम्ही कारंजाच्या रस्त्याने गेलो, मंगरुळपीरच्या रस्त्याने गेलो. बुजवलेल्या खड्ड्यापाशी आल्यावर चाचांनी काडी दातातून काढून हळहळ व्यक्त केली. मग काडी परत दातात. मी गाडी चालवत होतो आणि माझ्या शेजारी एक म्हातारा माणूस तोंड उघडं ठेवून, डोळे मिटून, नसलेल्या गोष्टीची वाट पाहत बसला होता. मधूनच डोळे उघडून विचारायचे, "आला का आत्ता?" मी म्हणायचो, "नाही."

संध्याकाळी त्यांनी सगळं परत जागच्या जागी बसवलं, हात धुतले आणि टपरीवर येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "नाई सापडला."

मी तोंड उघडणारच होतो. पण कोणी हसलंच नाही. चाचांना आवाज सापडला नाही, असं तिथे कोणी कधी ऐकलेलं नव्हतं. टपरीवाला त्यांना सावरून घेतल्यासारखं म्हणाला, "सोडा न चाचा. कुठीतरी दोन पट्ट्या लावून द्या, झालं. चिर्रभौले काय समजते?"

"जे ऐकलं नाई ते काढू कसं?" चाचा म्हणाले.

आणि मी चहा प्यायलो. मी आवाज काढला नाही. दिवसभर जो काढायचा नव्हता तो काढला, आणि जो काढायला हवा होता तो नाही.

त्यानंतर माझी गाडी दिसली की चाचा रस्त्यावर येऊन हात दाखवायचे. "आला का?" नाही म्हणालो असतो तर त्यांनी विचारलं असतं, कसा गेला, कुठल्या रस्त्यावर गेला, कोणी काढला. त्याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. म्हणून मी म्हणायचो, "येते कधीमधी." हे मी किती वेळा म्हणालो, ते सांगत नाही. दरवेळी ते परत गाडीत चढायचे. दरवेळी काडी दातात. पुढे पुढे ते शोधायचेही नाहीत, नुसते बसून राहायचे, आणि उतरताना एकदा तो आवाज स्वतःच्या तोंडाने काढून पाहायचे.

मग ते इतरांना परत पाठवायला लागले. "दुसऱ्याले दाखव बापा. मले आता कमी ऐकू येते." दुसरं कोणी नव्हतंच. कोणी आग्रह केलाच तर म्हणायचे, "चिर्रचा सापडला नाई मले. तुहा सापडंन कशावरून?" टपरीवाल्याने मला हे सांगितलं, तेव्हाही मी मान हलवली. मी शेलूबाजारला थांबणं सोडलं. थांबलो असतो तर बोलावं लागलं असतं. एक दिवस पुढून जाताना पाहिलं, शेडला कुलूप होतं. कळलं की चाचा आणि चाची कारंजाला मुलीकडे राहायला गेले.

गाडी मी नंतर विकली. आता वाशीमला टायरचं दुकान आहे. तिथे दिवसभर ठोकाठोकी चालते, त्यामुळे कोणी फार बोलत नाही. ते मला सोयीचं आहे.

गेल्या उन्हाळ्यात कारंजाच्या एसटी स्टँडवर चाची भेटल्या. हातात भाजीची पिशवी. मला बघून थांबल्या. मी विचारलं, चाचा कसे आहेत.

"कान गेले आता त्याहिचे. खरंच गेले," चाची म्हणाल्या. "पन तवा नव्हते गेले. तवा मले मांगं उभं करत अन् टाचनी पाडाले लावत. टाचनी ऐकू यायची त्याहिले. तरी म्हनत, टाचनी सोपी असते." मग पिशवी या हातातून त्या हातात घेत त्या म्हणाल्या, "तुमच्या गाडीचा तो आवाज निघाला का शेवटी? कारन हे अजून बसल्या बसल्या काढत राह्यतात. टक्-टक्-टुर्र, टक्-टक्-टुर्र. नातवंडं हासतात."

माझी एसटी लागली होती. मी गाडीत बसलो नाही. चाचींची पिशवी घेतली आणि त्यांच्यासोबत घरापर्यंत चालत गेलो.

चाचा ओट्यावर बसले होते. बारीक झाले होते. मांडीवर नमद्याचा तुकडा, हातात कात्री. मला ओळखलं. "चिर्र!" म्हणाले, आणि लगेच पुढे, "आला का तो?"

पिशवी चाचींकडे देऊन मी चाचांसमोर ओट्याच्या पायरीवर बसलो आणि सांगितलं. त्यांनी कानाला हात लावला. "काय?"

मी परत सांगितलं.

"काय म्हनून राह्यला? आवाज काढ जरा!"

तेव्हा मी ओरडून सांगितलं. गल्लीतून सायकल ढकलत नेणारा एक माणूस थांबला. समोरच्या घरातली बाई दारात आली. मी ओरडून म्हणालो, "चाचा, तो आवाज नव्हता! गाडीत असा आवाज नव्हताच! मी खोटा काढला होता!"

चाचींनी हातातली पिशवी खाली ठेवली.

"नव्हता?" चाचा म्हणाले.

"नव्हता!"

"एकदाबी?"

"एकदाबी नाही!"

चाचांनी मांडीवरचा नमदा बाजूला ठेवला. मग त्यांनी चाचींकडे पाहिलं. "ऐकलं का वो? माहा कान बराबर होता."

"ऐकलं," चाची म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या, आणि त्यांचा आवाज चढला नाही, हे मला जास्त जड गेलं. "तिथं माहं घर होतं. दारात शेवग्याचं झाड होतं मी लावलेलं. मुलीच्या घरी कोनत्या डब्यात काय हाये ते इचारून घ्या लागते मले. अन् तुमी हे आत्ता सांगून राह्यले?"

मी पायरीवरून उठून उभा राहिलो.

"माफ करा, चाचा," मी म्हणालो. हे त्यांना पहिल्याच खेपेला ऐकू गेलं, की ओठांवरून कळलं, माहीत नाही.

"मले सांगून काय फायदा?" चाचा कात्री खाली ठेवत म्हणाले. "मी तं ऐकलाच नव्हता. ज्याहिनं ऐकला त्याहिले सांग. जिथं काढला तिथंच काढ."

चाचींनी मला पाणी दिलं. चहाचं विचारलं नाही. बरोबर होतं ते.

शेलूबाजारला मी दुसऱ्याच दिवशी गेलो. नाहीतर परत गेलो नसतो, हे मला माहीत होतं. शेड नाही आता. तिथे मोबाइलचं दुकान झालं आहे. टपरी मात्र तिथेच, टपरीवालाही तोच, केस पांढरे झालेत. बाकड्यावर दोन-तीन ड्रायव्हर बसले होते, सगळे तरुण, कोणी ओळखीचं नाही. उन्हासाठी डोक्याला बांधलेला दुपट्टा काढून बाकड्यावर ठेवला आणि चहा सांगितला. चहा आला, निवला. मग मी उभा राहिलो आणि काही प्रस्तावना न करता तो आवाज काढला.

"टक्-टक्... टुर्र."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"गाडीत असा आवाज आला तर कशाचा असेल?" मी विचारलं. सुरुवात कशी करावी ते मला सुचत नव्हतं.

"एसीच्या जाळीचा," एक जण लगेच म्हणाला.

"नाई बे. वायरिंगची क्लिप सुटली असन. टक् क्लिपचं आहे."

"मंग टुर्र कायचं?"

"टुर्र पंख्याचं. माह्या गाडीत होतं हे. मिस्तरीनं धा मिंटात काढलं."

तिघांनी तीन कारणं सांगितली, आणि तिघांनाही खात्री होती. एकाने तर मोबाइलवरून मिस्तरीला फोन लावायची तयारी केली. मी ऐकत उभा होतो. इतकी वर्षं मी समजत होतो, की चाचांना तो आवाज सापडला नाही हे त्यांचं हरणं होतं. या रस्त्यावर कोणालाही विचारलं असतं तरी त्याला तो सापडला असता. पट्टी लागली असती, पैसे झाले असते, आणि मीही मान हलवून निघून गेलो असतो. फक्त त्या एका माणसाने सगळी गाडी उघडून, काडी दातात धरून, जे नाही ते सापडलं नाही असं सांगितलं होतं. आणि त्यावरून त्याने आपल्या कानावरचा विश्वास सोडला.

"असा आवाज नव्हताच," मी म्हणालो. मोठ्याने म्हणालो. हायवेवरून गाड्या जात होत्या. "इथे शेडमध्ये चाचा बसायचे. डॅशबोर्डचे आवाज काढायचे. त्यांच्याकडे मी गाडी घेऊन आलो आणि हा आवाज खोटाच तोंडाने काढून दाखवला. त्यांना सापडला नाही, म्हणून आपला कान गेला असं समजून त्यांनी काम बंद केलं. त्यांचा कान बरोबर होता. आवाजच नव्हता."

पोरं एकमेकांकडे बघत होती. त्यांना चाचा माहीत नव्हते. पण टपरीवाल्याने गाळणी हातात तशीच धरून ठेवली होती.

"चाचा तुह्यामुळं गेले?" तो म्हणाला.

"हो."

"त्यानंतर किती गाड्या आल्या त्याहिले इचारत, मालूम आहे? मीच सांगू सांगू थकलो, का चाचा आता काम करत नाई." त्याने गाळणी भांड्यावर आपटली. "अन् कायले बापा? त्या मानसानं तुहं काय बिघडवलं होतं?"

याचं उत्तर मी कोणालाच दिलं नव्हतं. बायकोलाही नाही. ओट्यावर चाचांनीही विचारलं नाही. त्यांना कारणाशी घेणंदेणं नव्हतं, आवाजाशी होतं.

"ते मला चिर्र म्हणायचे," मी म्हणालो. "म्हणून."

अजून काहीतरी पुढे येईल, म्हणून टपरीवाला थांबला. पुढे काही नव्हतं.

"एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठी."

तो स्टोव्हकडे वळला. दुसऱ्या गिऱ्हाइकाचा चहा गाळायला लागला. पोरांपैकी एक जण हळूच चिर्र असं काढून पाहत होता, दुसऱ्याने त्याला कोपर मारलं. मी चहाचे पैसे ठेवले. चहा प्यायला नव्हता. बाहेर पडून एसटीच्या थांब्याकडे चालायला लागलो. ऊन बरंच चढलं होतं. थोडा पुढे गेलो असेन, तेवढ्यात मागून टपरीवाल्याची हाक आली, सगळ्या हायवेला ऐकू जाईल एवढी.

"ओ चिर्रभौ! दुपट्टा राह्यला तुहा!"

मी ओ दिली.